दरीपलीकडची लाल चादर

डोळ्यांच्या दवाखान्यात, एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या आजी शेजारच्या बाईशी बोलत होत्या.

"बहीण समोरच्या डोंगरावर. मधली दरी एवढी खोल, की अंगणातून उडत्या घारीची पाठ दिसते."

"अगं बाई! मग भेटता कशा?"

"गुडघ्यांनी कधीच हात टेकले. रोज सकाळी ती छपरावर लाल चादर टाकते, इकडे मी टाकते. म्हणजे दोघी धडधाकट."

"एवढ्या लांबून दिसते?"

"दिसायची. मग मोतीबिंदू आला. सून म्हणते, 'आहे हो चादर.' पण माझं मन राखायला म्हणत असेल तर? आता स्वतः बघीन."

"आणि आज तुमची चादर?"

"सून टाकेल की. बजावून आलेय. उगाच बहिणीच्या जिवाला घोर नको."

आजींनी डोळ्यावरची पट्टी चाचपली.

"तिलाही सून आहे हो."