शेवटचा झेल

हाडांच्या दवाखान्यात रिपोर्टची वाट बघत माझ्यामागे एक आत्या आणि तिची भाची बसल्या होत्या. भाचीच्या अंगात कॉलेजच्या फ्रिस्बी संघाची जर्सी होती आणि एक बोट गाजराएवढं सुजलं होतं.

“अंपायर कोण होता गं?”

“या खेळात अंपायर नसतोच, आत्या. आपलं आपणच खरं सांगायचं.”

“आणि तरी तुम्ही हरलात?”

“शेवटची तबकडी मी झेलली, पण माझा पाय रेषेवर पडला होता, म्हणजे झेल बाद.”

“कुणी पाहिलं?”

“मी.”

“तुझ्याशिवाय?”

“कुणीच नाही.”

“मग सांगितलंस कशाला?”

“राहवेना. तोवर पोरींनी मला खांद्यावर घेतलं होतं.”

“वरूनच सांगितलंस?”

“हो. मग त्यांनी खाली ठेवलं.”

“ठेवलं की टाकलं? बोट बघून विचारतेय.”

“तेव्हापासून कुणी बोलत नाहीये. बोट मोडलेलंच निघू दे. उद्याच्या मॅचला तोंड दाखवायला नको.”

“लोक इथे हाड जोडायला येतात, बाई.”

डॉक्टर फिल्म घेऊन बाहेर आल्या. “हाड शाबूत आहे.”

“नीट बघा ना, डॉक्टर.”

“नीटच बघितलंय. पट्टी बांधून खुशाल खेळ.”

डॉक्टर आत गेल्या.

“कॅप्टनला कळवून टाक, मोडलंय म्हणून. तिला काय कळतंय?”

भाचीने फोन काढून मेसेज पाठवला.

“काय लिहिलंस?”

“बोट ठीक आहे, सातला येते.”

“धन्य आहेस. आलं काही उत्तर?”

“आलं. ‘ये. पण रेषेपासून चार हात लांब उभी राहा.’”