बारातनं पाच, आणि दशक माझ्या अंगावर

...आणि परवा म्हणं पुन्हा चाचणी! अवो, सोमवारी झाली की एक! ती तपासून लाल पेन खाली ठेवते न ठेवते तोवर आमचे मुख्याध्यापक जयपाल सर दारात, "क्रांतीबाई, पडताळणी चाचणी आलीया बघा!" तुम्हाला सांगते, पन्हाळ्याखालच्या शाळेत दुसरीच्या वर्गाची मी बाई, पण पोरांना वाटतंय मी पेपर वाटणारीच हाय. तोंडी म्हणू नका, लेखी म्हणू नका, पाक्षिक म्हणू नका... पोरांना किती येतंय ते मोजा की, न्हाय कोण म्हणतंय? पण शिकवायचं कवा?

म्हटलं, मरू दे, आज शिकवायचंच! वजाबाकी काढली. बारातनं पाच. दहा पोरं हातात हात घालून उभी केली, हा झाला दशक. दोघं बाजूला, हे एकक. म्हटलं, "दोघांतनं पाच जातील का रं?" संयोगिता हळूच पुढं आली, "बाई, ह्याला मार्क किती?" म्हटलं, "मार्क न्हाईत गं बाळ." झालं! पोरीनं भोकाडच पसरलं, "बाईऽऽ, आमचं काय चुकलं?" आता हिला गप करू का दशक मोडू? शिकवायचं कवा, सांगा!

शेवटी ओरडले, "दशक, हात सोडा!" सगळ्यांनी सोडले, पण राजवीरनं शेजारच्याचं मनगट आवळून धरलेलं... "सोडणार न्हाय! तुटला तर मार्क जातील!" ही ओढाओढी, आणि अख्खा दशक धाडकन माझ्या अंगावर! कसेबसे पाचजण उठवून बाकावर बसवले, तर राजवीर पडल्या पडल्याच ओरडतोय, "बाई, सात! सात उरली की ओ!" खरं सांगते, अंगावर काटा आला माझ्या.

तेवढ्यात सर. "बाई, दंगा कसला हो?"

"शिकवत होते सर."

सरांनी मोबाईलात हजेरीचं ॲप काढलं, वर सरकवलं, खाली सरकवलं... "शिकवलं, असा रकानाच न्हाय ह्यात. तुम्हाला गैरहजर लावू का?"

आता बोला! शिकवायचं कवा?

दुसऱ्या दिवशी फाटकात संयोगिताची आई, हातात तांब्या. "बाई, काल पेपर घेतला न्हाय म्हणं... बरं न्हाय का? मिरीचा काढा आणलाय. माझ्यासमोर प्यायचा."

"अवो वैनी, मी शिकवत होते—"

"व्हय व्हय, ताप चढला की माणूस असंच बडबडतंय. प्या!"

प्याले. घसा असा पेटला, असा पेटला, की पोरांना 'बसा' म्हणायलाबी आवाज फुटंना. मग काय करणार?... पेपर वाटले!