चौथ्या बरणीतला गाळ

— नाई बाबू, बसा न, खाट पक्की हाय. तर तुमी त्याच साहेबाच्या गाळासाठी कलकत्त्याहून आले? आमगावच्या या डाकबंगल्यात या बकाराम चौकीदाराले, मले, सोडून कोणाले माईत असन ते! दोन महिने होता साहेब इथं. गोदावरी समुद्राले मिळते न, तिथल्या खाडीतून बारा बरण्या गाळ आणला, अन् आपल्या बाघ नदीच्या गाळाशी ताडून पाहे — तिचं पाणी शेवटी गोदावरीतच जाते न. कायले? अजी, धानाच्या पात्यानं बोट कापते — काऊन? त्यात काचेचा अंश राहते म्हणे. तनस, म्हणजे धानाचा पेंढा, सडते, तो अंश नदीनं वाहत खाडीत जाते, तिथं डोळ्याले न दिसणारे जीव त्याचं घर बांधतेत, मरतेत, गाळात बसतेत. मंग ती काच तशीच राहते का तिची चिकणमाती होते — यासाठी विलायतेत भांडणं, बाबू! इथं आमच्या बांधाची भांडणं काय कमी हायेत?

चौथी बरणी सगळ्यात खोल गाळाची. तीच फुटली. म्हणजे — मी पुसून राहिलो होतो, सुटली हातातून. साहेबाले काय सांगू? बायकोची तुपाची बरणी धुतली, माझ्या धानाच्या बांधीतला, वावरातला, चिखल भरला, रंग जुळेना तर चुलीतली धानाच्या तुसाची राख कालवली — तुसातई तीच काच, मले काय माईत! तपासणीत काच निघाली मणभर! साहेब नाचलाच — "खोल गाळात काच बदलत नाई, साठून राहते!" त्याचे कारकून केशोराव, आमगावचेच, नजर लई बारीक. म्हणे, "साहेब, बाकी अकरा बरण्यांत मीठ हाय, हिच्यात कणभर नाई. हा समुद्राचा गाळ नोहे." साहेब म्हणे, "तपासणी तूच बिघडवली." दुसऱ्या दिवशी घरी बसवलं त्यायले. मी? मी चहा देऊन राहिलो होतो. तोंडात पान होतं. साहेबाचा लेख छापला, बढती झाली, मले चिठ्ठी देऊन गेला — हे पहा, 'अत्यंत विश्वासू'.

आता तुमी म्हणता, तीन सालापासून तुमी खाडी खोदून राहिले, तसा गाळ भेटत नाई. भेटन कसा? तो तर माझ्या बांधीत — अजी, लिहून काऊन राहिले? गमतीनं बोललो मी! काय? केशोराव? बाजाराच्या मागं राहतेत, पोरायले हिसाब शिकवतेत. बोलणं? नाई, रस्त्यात दिसले का मीच दुसऱ्या गल्लीनं जातो — त्यायनं कधी काई म्हटलं नाई, तरी. नाई नाई, त्यायच्या घरी मी संग येत नाई. तो लिहिलेला कागद ठेवून जा. नाई ठेवत? मंग जा बाबू, उठा खाटेवरून. मले दार लावू द्या.