कुलकर्णींची सागातली सफारी

तेव्हा सागाची रोपं लावलेले प्लॉट विकत घ्यायचं खूळ होतं बघ. आमच्या अंबरनाथच्या फॅक्टरीतल्या कुलकर्णीसाहेबांनीही बारवी धरणाकडे एक घेतला, कारण माहितीपत्रकावर जंगलातलं भेकर हरीण छापलेलं! एका रविवारी सोनिवलीच्या आपल्या नव्या फ्लॅटवरून वहिनींना आणि आम्हाला जंगल दाखवायला घेऊन गेले. तीन तास दुर्बिणी लावून बसलो, पण रांगेतल्या रोपांपलीकडे ससाही दिसेना.

शेवटी मी गाईडला, पाड्यावरच्या बाळूला विचारलं, "अरे, जनावरं कुठायत?"

"मीच हाकलतो ना साहेब! रोपं खातात. सोमवार ते शनिवार डबा वाजवायची ड्युटी, रविवारी गाईडची."

"हाकलतोस कुठे?"

"खाली. सोनिवलीच्या बिल्डिंगींमागं."

त्यावर कुलकर्णीवहिनी उसळल्या, "सकाळी मी गॅलरीतून भेकर दाखवत होते, तर म्हणालात, आधी आवर, जंगल बघायला जायचंय!"