भिंतीवरचे मेंढे

बालाघाटच्या बसस्टँडवर खैरलांजीची बस यायची होती. माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा दीर बसले होते. दोघं मेंढे आडनावाच्या लोकांच्या मेळाव्याहून परतत होते.

"वहिनी, समद्या नामी मेंढ्यायचे फोटो लागले भिंतीवर. आझादीसाठी जेलात गेलेले, वकील, पैलवान. अन् त्यायच्या रांगेत आपला दादा!"

"तुमचा दादा कुठं, भावजी? तो फोटो तं तुमचा हाय."

"काय करता? कमेटीवाल्यायले फोटो पायजे होता. दादाचा एकही नाही घरी."

"एक होता, व्होटर कार्डावर. सदऱ्याच्या खिशात. मेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाही, म्हून मीनंच वैनगंगेत सोडले. खिसा नाही पाह्यला."

"म्हून तं मी बसलो फोटोले. समदे म्हणतेत, आमचं तोंड सारखंच."

"पण जित्या माणसाले हार घालतेत का?"

"घातला तं घातला. मोहाच्या झाडाखाली गावच्या लेकरायले वाचाले शिकवलं त्यानं, तवा मी हासत होतो त्याले. आज समदे माह्या फोटोच्या पाया पडले. तुम्ही मात्र फूल नाही वाह्यलं. काहून?"

"तुमचे कान मोठे हाय. त्यायचे बारके होते."

"एवढं कोण पाहते, वहिनी?"

"आज सकाळपर्यंत त्यायचं तोंड आठवे मले. आता डोळे मिटले का तुमचंच येते."

बस लागली. वहिनीची पिशवी उचलायच्या आधी दिरानं गमछा दोन्ही कानांवरून गच्च बांधून घेतला.