खिरीची वाटी खाली ठेवा

हॅलो?… हॅलो, आत्या? अहो, किती वेळा लावला फोन! कुणीच उचलंना…

व्हय, व्हय, मुहूर्त टळतोय, म्हाईत हाय. पाहुणे खोळंबलेत, समदं कळतंय मला. आत्या, ऐका की… खिरीची वाटी खाली ठेवा.

निघते नंतर. तुमी आदी वाटी खाली ठेवा… अहो, चेष्टा न्हाय! अभिमन्यूला चमचाभरसुदिक भरवायचं न्हाय.

दादा भरवतोय? आत्ता?… मामाचा मान असतोय, मला काय सांगता! उदयदादाला म्हणावं थांब. ओरडा त्याला!

काय?… अंगठी बुडवून ओठाला लावली?… गिळलं का? आत्या, नीट सांगा, चाटलं म्हंजी किती?… थांबा, डॉक्टरीणबाई हितंच हायत, विचारते.

मॅडम, खिरीची अंगठी ओठाला लावली म्हणत्यात… न्हाय, तेवढंच… बरं… बरं.

हां, आत्या. तेवढ्यानं काय होत न्हाय म्हणाल्या. ओल्या फडक्यानं तोंड पुसा. जिभेवरनं पण पुसा… रडू दे की त्याला! दुपारी हितं दाखवायला आणायचं हाय.

हितं म्हंजी कुटं काय? दवाखान्यात. लहान पोरांच्या… व्हय, फुलं आणायला जाते म्हणून खोटं बोलले मी. सकाळी बाईंचा फोन आला, अभीचा रिपोर्ट आलाय, आदी येऊन भेटा म्हणून.

कशाचा रिपोर्ट?… आत्या, आपल्या थोरल्या ईश्वरीला जो आजार हुता, तोच ह्याला हाय.

काय म्हणता, कावीळ हुती?

न्हाय, साधी कावीळ न्हवती ती. नजर तर न्हवतीच न्हवती. गूळ, साखर, मध, फळं… असलं गोड तिच्या लिव्हरला सोसत न्हवतं. जलमापासनं. अंगावर पीत हुती तवर कशी गुटगुटीत हुती पोर, आठवा की. उष्टावण झालं आन् तितनं उलट्या सुरू झाल्या.

आत्ता कसं कळलं?… तिच्या रक्तावरनं…

व्हय. तुमी नको म्हणला हुता. गेलेल्या लेकराच्या जिवाला आता सुया-बाटल्या कशाला, म्हणला हुता. मी आन् तुमच्या लेकानं, आमी दोघांनी तुमच्या माघारी सही केली. शेवटच्या दिवशी काढलेलं रक्त, दोन चमचं असंल… ठेवा म्हणलं, तपासा, कुणाच्या तरी पोराला उपयोग व्हईल. तवा हितं कुणाला आजार वळखता आला न्हवता. बाईंनी चार वर्सं जपलं ते. पुन्यांदा तपासलं, आनि पुन्यांदा. गेल्या म्हैन्यात घावलं, मग अभीचं तपासलं. गोडाचं मला आजच कळलं.

चिडा. घरी आले की काय बोलायचं ते बोला. पण ते रक्त नसतं, तर आज आपण ह्यालाबी…

आत्या?

…न्हाय. असं म्हणू नका. तुमी न्हाय मारलं तिला! माळशिरसहनं आपल्या रानातल्या उसाचा गूळ आणला तुमी, मायेनं खीर केली. आन् ताकद यावी म्हणून मध कुणी चाटवला तिला? मीच की! दवाखान्यात, नर्सला लपवून, रोज… कुणाला ठावं हुतं, आत्या? कुणालाच न्हाय.

रडू नका… बरं, रडा. मीबी मघाशी जिन्यात बसून लई रडले.

पण ऐका. अभी वाचतोय. ऐकलं का? वाचतोय. गोड तेवढं टाळायचं, जलमभर. बाकी शाळंत जाईल, खेळंल, तुमच्या डोक्यावर बसंल…

आनि उष्टावण मोडायचं न्हाय. कुकरात भात हाय न्हवं? मऊ कुसकरा, वर तूप घाला. बाई म्हणत्यात चालतंय… दादा न्हाय. तुमीच भरवा.

न्हाय, दुसरं कुणी न्हाय. पयला घास तुमच्याच हातनं जाऊ दे त्याच्या पोटात. फोन चालूच ठेवा, मी हाय हितं…

भरवला?… गिळला?…

तोंड वाकडं केलं?

करू दे की, आत्या. करू दे… दुसरा घास भरवा. मी निघालेच.