कोरड्या हौदाकाठची सही

मी बोरी बुद्रुकची, दिली बेल्ह्याजवळच्या वस्तीवर. आमचे हे टेम्पोतनं पडले, पाय कायमचा अधू झाला, म्हनून मी शेठच्या कारखान्यात लागले. कारखाना म्हंजे काय सांगू तुमाला भाऊ, पत्र्याची शेड आन आमी चौदा मानसं. औषध मारायचे पाठीवरचे पंप बनायचे. माजं काम हौदापाशी. पंप पान्यानं भरायचा, झाकन आवळायचं, दांडा मारून हवा धरायची, उलटासुलटा करून बघायचा, ठिबकतोय का. ठिबकला की खडूनं फुली. बोटं पांढरीफटक पडायची, पन बरं वाटायचं, कारन तो कुनाच्या तरी पाठीवर जानार, आन आत पानी नसतं भाऊ, इख असतं.

मंग शेठच्या डोक्यात ते आयएसओ आलं. परदेशी दर्जाचं सर्टिफिकेट घ्या, खर्चातला हिस्सा सरकार माघारी देतंय, असं त्यांना पुन्याच्या बैठकीत कळलं. मला तर आनंदच झाला, म्हनलं आता मोठा हौद येईल. आले ते सल्लागार, इस्त्रीच्या शर्टातले. मला रजिस्टर दिलं, पंपाचा नंबर, ठिबक न्हाई, सही. हे चांगलंच व्हतं. पन ते म्हनले मागच्या सहा महिन्यांचं पन भरा. मागचं कसं भरू, तर म्हनले वेगवेगळ्या पेनांनी भरा, खरं दिसतं. लाज वाटती सांगायला, पन भरलं मी.

सर्टिफिकेट आलं, काच लावून हापिसात टांगलं, पेढे वाटले. मागनी वाढली. शेठ म्हनले, सुमनबाई, धातला एकच भरून बघा, बाकीच्यांवर नुसती सही करा. मी म्हनलं शेठ, कसं चालंल, तर म्हनले आता सर्टिफिकेट हाये की. मंग तो धातला एक पन गेला. हौद कोरडा पडला, त्याच्यात खोकी ठेवाया लागले, आन मी काठावर बसून सह्या करायचे. दिवसभर सह्या.

माजा मामा निमगाव साव्याचा. भाची तपासती म्हनून त्यानं आमचाच पंप घेतला. टोमॅटोवर मारताना झाकनातनं औषध पाठीवर उतरत ऱ्हायलं, त्याला वाटलं घामच हाये. बांधावर पडला, तोंडाला फेस. आठ दिवस जुन्नरला दवाखान्यात व्हता. वाचला, पन हात अजून थरथरत्यात. मामी म्हनली, सुमे, तू बघितला व्हता ना गं हा पंप? मी पंपावरचा नंबर घेऊन कारखान्यात गेले आन रजिस्टर उघडलं. ठिबक न्हाई, म्होरं माजी सही, चांगली वळनदार.

त्याच आठवड्यात सरकारी साहेब आले, खर्च माघारी द्यायच्या आधी पडताळनी करायला. शेठ त्यांना जेवायला घेऊन चालले व्हते. मी सगळ्यांदेखत आडवी गेले, हौद दाखवला, खोकी दाखवली, मामाचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आन म्हनले, बाई, सर्टिफिकेट खरं आहे का, एवढंच मला बघायचंय. पंप बघणं माझ्याकडे नाही.

सर्टिफिकेट खरंच व्हतं की राव. मंजूर झालं सगळं. मला साहेबाची किळस आली, शेठची किळस आली, आन सगळ्यात जास्ती माज्या ह्या हाताची. काम सोडलं. मामाकडं जाऊन खरं सांगितलं. तो मामीला म्हनला, हिला चहा ठेव.

आता बाजाराच्या दिवशी बेल्ह्यात जुने पंप दुरुस्त करते. कारखाना जोरात हाये, पाटीवर आयएसओ मोठ्या अक्षरात. चालू द्या, मी कुनाकुनाला अडवू? पन बँकेत जा नायतर रेशनला, मी अंगठा म्होरं करते. कारकून म्हनतो, बाई, तुमी शिकल्याल्या दिसता. सातवीपत्तूर शिकले भाऊ, लिवता येतंय. सही तेवढी करत न्हाई.